धक्का

रात्री बारा वाजून एक मिनिटाने
वागळे इस्टेटमधल्या चौथ्या मजल्यावर
आम्ही केक कापला.
बारा सतराला पहिला नावाडी
धक्क्याच्या फळ्यांतून आरपार खाली गेला
आणि पडतच राहिला.
अजून पडतोय.
त्याला तळ दिलेला नाही कुणी.

तीन वाजेपर्यंत नऊ हजार नावाडी पडत होते.
कुणाची होडी आभाळात शेपटीवर उभी,
कुणाच्या बायकोला चेहराच नाही,
नुसते दात आणि डोळे,
आणि ती म्हणतेय, "जेवून जा."
लोक हसले. हसू देत.
हसणं संपल्यावर जे येतं त्याची मला भीती होती.

ते साडेसहाला आलं, कळव्याहून.
"मी तन्मेश, सातवी ड.
सायकलसाठी साठवलेले सतराशे यात घातले.
रात्रभर खेळलो, सगळं पुसलं गेलं.
माझं काही चुकलं का?
आईला कळवू नका."

सातोस्कर साहेब,
आठ वाजता तुम्ही आलात आणि म्हणालात,
चार ओळी लिही. गोड लिही.
'मोजक्या खेळाडूंना किंचित अडचण' असं काहीतरी.
मी 'मोजक्या'पर्यंत पोचले.
पुढे हात जाईना.

हर्षला भोपीने श्रावणातच लिहून दिलं होतं.
नोंद चारशे बारा: धक्का पोकळ. माणूस पडतो.
शेजारी आपलंच उत्तर: माहीत आहे. नंतर.
धनत्रयोदशीची तारीख आधीच छापून झाली होती.
'नंतर' किती मऊ शब्द,
त्याच्यावर आपण अख्खा धक्का उभा केला.

एक सांगू?
ही काच लागायच्या आधी
याच जागी लाडांचा कारखाना होता.
माझे बाबा तिथे व्हॉल्व्ह तपासायचे,
डाव्या हाताला सदैव लाल रंग,
नापास मालावर फासायचा.
एकदा सहाशे नग अंबरनाथला गेले
आणि त्यांचे आटे बसेनात.
लाड म्हणजे तिरसट माणूस,
चहाचेसुद्धा पैसे कापायचा.
पण तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, स्वतः गेला,
सहाशेच्या सहाशे परत घेऊन आला.
त्यात चांगलेही असतील, कुणीतरी म्हणालं.
"असतील. पण निवडत बसायचं काम
गिऱ्हाइकाचं आहे का?"

मग सगळ्यांना उभं करून
त्याने एकच विचारलं.
कुणी केलं, हे नाही.
कुणी सांगितलं होतं?
बाबांनी हात वर केला. लाल हात.
लाड खाली बघत राहिला.
त्या वर्षी बोनस झाला नाही, हेही खरं,
आणि बाबांनी ते मरेपर्यंत ऐकवलं.

तर साहेब, गोड नको.
खेळ दुकानातून उतरवा, आज, दुपारच्या आत.
पैसे परत करा, कारण न विचारता,
जो मागायला लाजतो त्याचेही.
सोनेरी पगडी फुकट, असलं काही देऊ नका.
बुडालेल्याला पगडी कशाला?
नवी तारीख सांगू नका. तारखेनेच घात केलाय.
नोंद चारशे बारा जशीच्या तशी लोकांपुढे ठेवा,
आपल्या उत्तरासकट.
आणि कुणी विचारलं, तपासणारे झोपले होते का,
तर हर्षलाच्या आधी तुम्ही उभे राहा.

धंदा बुडेल म्हणता.
बुडेलही. मला हिशोब कळत नाही.
लाडांचाही पुढे बुडालाच,
पण तो व्हॉल्व्हमुळे नाही.

उरलेल्या केकला मुंग्या लागल्यात.
हर्षला खुर्चीतच झोपलीय, बूट न काढता.
तन्मेशला मी तुम्हाला न विचारता लिहून टाकलं:
नाही रे. तुझं काही चुकलं नाही.
पाय तू बरोबरच टाकलास.
खाली धक्काच नव्हता.

बाकीचं पत्र तुम्ही लिहा.
सहीपुरती जागा सोडलीय.